पॉवर स्टीअरिंग काढण्याआधी

तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टीअरिंग साधं करताना पंप आणि बेल्ट काढून दोन्ही पाइप एकमेकांना जोडले की झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. रॅकमधला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या नळीतला, पिस्टन तसाच राहतो आणि प्रत्येक वळणाला तेल ढकलत बसतो. स्टीअरिंग विनाकारण जड होतं.

रॅक पूर्ण खोलायचा, पिस्टनचं सील काढायचं. पिनियनमध्ये, म्हणजे रॅक हलवणाऱ्या छोट्या दातेरी चाकात, टॉर्शन बार नावाचा बारीक दांडा असतो, तेलाचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी तो थोडा पिळला जातो. हायड्रॉलिक मदत गेली की तोच पीळ हाताला ढिलाई म्हणून जाणवतो, म्हणून तो बार वेल्डिंगने पक्का करून घ्यायचा. हे काम जाणत्या वेल्डरलाच दे, स्टीअरिंग आहे.

आपल्याकडे खारी हवा. तेल गेलं की रॅक आतून कोरडा पडतो आणि गंज धरतो. भरपूर ग्रीस भर, रॅकच्या टोकांचे रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारी आवरणं) नवे घाल, पावसाळ्यानंतर पुन्हा तपास. एसी त्याच बेल्टवर असेल तर लहान बेल्ट लागेल.

कुंभार्ली घाटात रस्ता हाताला नीट कळेल, ती मजा खरीच. पण रुंद टायर ठेवलेस तर चिपळूणच्या बाजारात गाडी लावताना खांदे भरून येतील. मोटार इलेक्ट्रिक स्टीअरिंगची असेल तर हा नाद सोड.