थोरलीच्या भरवशावर धाकटा

"ताई, पोरगी लय चिडखोर झाली. भावाले पळीनं मारलं तिनं. तिले जरा समजावून सांगा."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली ही आई, दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारी. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. हंगामात त्याच्या घरी येण्याचा नेम नाही. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार मुलीची होती, पण बोलता बोलता खरी काळजी बाहेर आली: आपण वावरात असताना दोघांना ठेवायचं कुठं, आणि थोरलीवर टाकायचं किती? कापूसपट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे.

मुलीशी वेगळं बसून मी एवढंच विचारलं, की शाळेतून आल्यावर काय काय करतेस? तिनं बोटांवर मोजत सांगितलं. कुलूप उघडायचं, पाणी भरायचं, भावाला गल्लीतून हुडकून आणायचं, भांडी घासायची, भात लावायचा, त्याचा अभ्यास घ्यायचा. "अन् तो म्हणते, तू काय माही माय हायेस का?" आईचं काम दिलं, पण आईचा अधिकार नाही; मग हातात पळी येणारच. तिला 'समजावण्यात' अर्थ नव्हता. घराची घडी बदलायची होती.

पहिलं काम कागदावरचं. आठवड्याचे सात दिवस लिहायचे आणि प्रत्येक दिवशी घरात मोठं माणूस नाही अशा तासांवर खूण करायची. इथं चित्र असं निघालं: आई नऊला निघते, मुलगी मानव विकासच्या (गावातल्या मुलींना शाळेत नेणाऱ्या सरकारी योजनेच्या) बसनं साडेनऊला मोठ्या गावच्या शाळेत, आणि धाकट्याची शाळा साडेदहाची. म्हणजे सकाळी तासभर तो एकटाच. संध्याकाळी त्याची शाळा पाचला सुटते, बहिणीची बस सहाला, आई साडेसहाला. शनिवारी त्याची सकाळची शाळा; त्या दिवशी अकरापासून थेट संध्याकाळपर्यंत कुणीच नाही. मुलीची शनिवारची गैरहजेरी कशामुळे, तेही इथंच कळलं. भाऊ एकटा राहू नये म्हणून ती शाळाच बुडवत होती.

मुलांना कितव्या वर्षापासून एकटं ठेवावं, असं वय आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण मोकळ्या दिसणाऱ्या प्रत्येक तासासमोर एका मोठ्या माणसाचं नाव हवं. "शेजारी हायेत ना सारे" हे नाव नव्हे.

सकाळ-संध्याकाळच्या तासासाठी शेजारची आजी मिळाली. तिच्या गुडघ्यांना पळणं जमत नाही, म्हणून धाकट्यानं तिच्या ओट्यावरच बसायचं, असं तिघांसमोर ठरलं. बदल्यात आठवडी बाजारातून तिचं सामान आणायचं आणि दळण टाकायचं. हे स्पष्ट बोलून घ्यावं. फुकटची सोय फार दिवस टिकत नाही. पण हीच आजी शनिवारी सात तास पुरणार नाही, आणि बहुतेक घरं नेमकी इथंच चुकतात.

शनिवारसाठी एकाच टोळीत वेचणीला जाणाऱ्या चार बायांनी पाळी लावली. महिन्यात प्रत्येकीचा एक शनिवार घरी, चारही घरची मुलं तिच्याकडे. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे घरी राहणारीची त्या दिवसाची कमाई जाते. पण चौघींचा एकेकच दिवस जात असल्यानं पैशाची देवघेव लागत नाही. पाळी चुकवणारीनं मात्र बदली बसलेलीला दिवसाची मजुरी द्यायची. दिवाळीनंतर कापूस एकदम फुटला की कुणीतरी पाळी चुकवतंच, म्हणून पैशाचा नियम आधीच ठरलेला हवा. प्रत्येकीनं मुलांचा डबा सोबत द्यायचा, हेही.

थोरलीकडे दोनच कामं ठेवली: आजीकडून भावाला घरी आणणं आणि पाण्याचा माठ भरणं. आई येईपर्यंत गॅसला हात नाही. भावाला सांगितलं, ताईचं ऐकायचं ते विहीर-शेततळं, रस्ता आणि वीज या तीन बाबतींत; तिथं वाद नाही. बाकीची भांडणं आईसाठी ठेवायची. दोघांना आईचा नंबर, आजीचं घर आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी तोंडपाठ.

सुट्ट्यांचा हिशोब निराळा. दिवाळीची सुट्टी वेचणीच्या ऐन भरात येते आणि शाळेतली खिचडीही बंद असते. तेव्हा ती शनिवारची पाळीच रोजची करावी लागते. मुलांना सोबत वावरात न्यायचं असेल, तर फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या वावरात अजिबात नाही. औषधाचे डबे घरात कुलपात ठेवावेत, आणि थंड पेयाच्या बाटलीत औषध कधीच ओतू नये.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अकरा ते चार मुलं सावलीतच हवीत. घरात राहिली की लोखंडी कूलर आलाच. पाणी टाकायचं ते मोठ्यांनी, प्लग काढून. अर्थिंग तपासून घ्यावं आणि मुलांनी ओल्या हातानं त्याला शिवू नये. मामाच्या गावी पाठवण्याआधी विचारावं, तिथं दुपारी घरी कोण असतं, झोपायची जागा कुठं, विहिरीला कठडा आहे का. विचारल्यानं मामाला राग आला तरी चालेल.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते जूनचे मधले दिवस. विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पाऊस त्याआधी आला की घरची मोठी माणसं पेरणीला आणि मुलं मोकळी. मामाकडून ही दोन्ही मुलं आठ जूनला परत येणार होती. या आईनं आपल्या भावाशी बोलून त्यांचा मुक्काम वाढवला. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी आणायचं ठरलं, कारण मुलीच्या बसच्या पासचं काम तेव्हाच निघतं.