शेतीच्या पैशावर शहरात शिकताना महिन्याचा खर्च कसा बसवावा?

प्रश्नकर्ता सेलू तालुक्यातला, संभाजीनगरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर सोयाबीन विकलं की वडील ५० हजार देतात, मार्चमध्ये हरभऱ्याचे आणखी १५. गेल्या वर्षी पैसे हातात आल्या आल्या १४ हजारांचा मोबाईल घेतला, ६ हजार मित्राला उसने दिले आणि फेब्रुवारीत खिसा रिकामा. "महिन्याचं बजेट कसं करू?" असं विचारलंय.

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मीही हिंगोलीकडच्या कोरडवाहू घरातला. याच शहरात पाच वर्षं रूम करून राहिलोय.

महिन्याचं बजेट हा पगारदार घरांचा प्रकार आहे. तिथं एक तारखेला पैसा येतो आणि तीस तारखेपर्यंत पुरवायचा असतो. उत्पन्नाचे ५०-३०-२० असे वाटे पाडायला सांगणारे व्हिडिओ तू बघितले असशील, ते त्यांच्यासाठी. आपल्याकडं पैसा वर्षातून दोनदा येतो, तोही मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव काय निघतो त्यावर. म्हणून तुझा हिशोब दिवाळी ते दिवाळी असा बांधावा लागेल.

आता त्या वर्षातला सगळ्यात अवघड महिना बघ. फेब्रुवारी नाही, जून. तुझी प्रवेश फी, रूमचं डिपॉझिट, पुस्तकं सगळं जूनमध्ये, आणि नेमकं तेव्हाच वडिलांना बियाणं, खत, पेरणी. घरातल्या दोन्ही मोठ्या खर्चांची गाठ एकाच महिन्यात पडते आणि विकायला घरात काही उरलेलं नसतं. मग आडत्याकडून उचल घेतली जाते. ती पुढच्या रासेतून कापून जाते, म्हणून पुढच्या दिवाळीची पट्टी, म्हणजे आडत्याची विक्रीची पावती, आधीच हलकी होते. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, तेही वडिलांची पट्टी वाचताना.

म्हणून ५० हजार हातात आले की पहिल्या दिवशी जूनचे पैसे बाजूला काढ. समजा ९ हजार. दोन सेमिस्टरच्या परीक्षा फॉर्मचे ३ हजार, दुखण्याखुपण्याचे ३ हजार. ६५ मधून हे १५ गेले, राहिले ५० हजार. उन्हाळा आणि दिवाळीची सुट्टी सोडली तर शहरात तू साधारण दहा महिने असतोस. म्हणजे महिन्याला ५ हजार. रूमचा वाटा दीड हजार आणि मेस अडीच हजार धरली तर हातखर्चाला हजार उरतात. रिचार्ज, झेरॉक्स, चहा, गावाकडं जाणं-येणं सगळं त्यात. तंग आहे, खोटं कशाला सांगू. आकडे तुझे तू भर, पण काढायचा क्रम हाच ठेव.

जूनचे पैसे तुझ्या यूपीआयच्या खात्यात ठेवू नकोस. दिसले की खर्च होतात. बँकेत सहा-सात महिन्यांची एफडी कर किंवा आईच्या खात्यात टाक. जादा व्याज देतो म्हणणाऱ्या पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये (अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत) मात्र टाकू नकोस. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, सहकारी बँकेतल्याही, पण पतसंस्थेच्या ठेवींना तो नसतो. बीडकडं कितीतरी लोकांच्या ठेवी कशा अडकल्या, ते तुझ्या कानावर आलंच असेल.

मोबाईलबद्दल तू स्वतःला फार शिव्या दिल्यास. मला त्यात एवढंच दिसतं की किंमत तू रुपयांत मोजलीस. मी सोयाबीनमध्ये मोजायचो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, पण मोंढ्यात बहुतेकांना त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागलं. ४ हजारांचा भाव धर, १४ हजार म्हणजे साडेतीन क्विंटल. कोरडवाहू एकरी सहा-सात क्विंटल निघालं तर तो मोबाईल अर्ध्या एकराचा झाला. अभ्यासाला लागत असेल तर घ्यावाच, पण ७ हजारांच्या आणि १४ हजारांच्या मोबाईलमधला फरक पाव एकराचा आहे का, हे दुकानात उभं राहून विचारता येतं. (चहाला हे माप लावू नकोस. मी लावलं होतं, मित्र तुटायला लागले.)

बारावीच्या पुस्तकात संधी खर्च (एक काम निवडलं की दुसऱ्यातून जे मिळालं असतं ते हातचं जाणं) शिकलो होतो, कळला मात्र मेस सोडल्यावर. तेव्हा मेस २,२०० होती. हातानं केलं तर १,३०० मध्ये भागेल, महिन्याला ९०० वाचतील, असा हिशोब करून मी स्टोव्ह आणला. सामान आणणं, कणीक मळणं, भांडी घासणं यात रोज दीड तास जायचा. महिन्याचे ४५ तास. ९०० भागिले ४५, म्हणजे तासाला २० रुपये. त्याच वेळेत मी कॉलनीतल्या दोन मुलांना गणित शिकवू शकलो असतो, त्याचे याच्या कितीतरी पट मिळत होते. वर परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाकाला वेळच नसायचा, मग वडापाव आणि पोहे. तिसऱ्या महिन्यात परत मेसला गेलो. माझ्या रूम पार्टनरला मात्र हातानं करणंच परवडलं, कारण त्याचं कॉलेज सकाळीच सुटायचं आणि त्याला स्वयंपाकाची आवड होती. तेव्हा दुसऱ्याला परवडतं म्हणून काही करू नकोस, तुझ्या तासाची किंमत तू काढ.

मेस लावताना खाड्याचा नियम आधी विचार. आमच्याकडं सलग तीन दिवसांचा आणि आधी सांगितलेला खाडाच कापला जायचा. म्हणजे दोन दिवसांसाठी गावाकडं गेलास की मेसचे पैसे फुकट आणि वर तिकीट. मी जाणं कमी केलं, पण गेलो की चार दिवस राहायचो. सेलूला तर रेल्वे आहे, जनरलचं तिकीट एसटीच्या मानानं बरंच स्वस्त पडतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेळेत भर, पण पैसा खात्यात पडेपर्यंत हिशोबात धरू नकोस, तो उशिरा येतो. आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते तपासून घे, रक्कम त्याच खात्यात जाते. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयं आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तुला कोणती लागू होते ते समाजकल्याण किंवा संबंधित विभागाच्या कार्यालयात जाऊन विचार. विद्यापीठाची आणि बऱ्याच कॉलेजांची 'कमवा व शिका' योजनाही असते, तिथं लाजू नकोस.

फेब्रुवारीत कोणी झटपट कर्जाचं ॲप सुचवलं असेलच. गावात 'शेकडा तीन' म्हटलं की महिन्याचं व्याज आपल्याला लगेच कळतं, तसंच इथं मोज. ५ हजारांचं कर्ज, प्रोसेसिंग कापून हातात ४,२०० आणि महिन्यानं पाच हजार परत. ४,२०० वर ८०० म्हणजे शेकडा एकोणीस! एवढं व्याज मागायची गावच्या सावकाराचीही हिंमत होत नाही. त्यापेक्षा आईचा बचत गट बरा.

राहिले मित्राचे ६ हजार. त्याला आत्ता मागून उपयोग नाही, त्याच्याकडंही नसतील. त्याच्या घरी काय पिकतं ते विचार. कापूस असेल तर विकला कधी जाणार, ऊस असेल तर कारखान्याचं बिल कधी जमा होणार, ती तारीख वहीत लिहून ठेव. आणि त्याच आठवड्यात फोन कर, कारण पुढच्या आठवड्यात घरात लग्न निघालेलं असतं.