हिवाळा सरताना गरम कपड्यांचं काय करावं, आणि सेलमध्ये आत्ताच घेऊन ठेवावेत का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात दोन खोल्यांचं घर आहे, एकच गोदरेजचं कपाट आहे, घरात सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी आहे. दुकानांत स्वेटर-जॅकेटं निम्म्या किमतीला लागली आहेत, ती पुढच्या वर्षासाठी आत्ताच घ्यावीत का, आणि आधीच साठलेल्या ढिगाचं काय करावं, हा तुमचा प्रश्न. मी नाशिकला राहते. गेली पंचवीस वर्षं माघ महिन्यात हे आवराआवरीचं काम करत आले आहे, त्या अनुभवावर सांगते.

दुकानात जायच्या आधी एका रविवारी सगळे गरम कपडे पलंगावर काढा. होळीनंतर नको, आत्ताच. कारण या तीन महिन्यांत कोणी काय खरोखर अंगात घातलं, हे आत्ता सगळ्यांना आठवतं. जून उजाडला की प्रत्येक स्वेटर लागेल-लागेल असाच वाटतो. गेल्या रविवारी आमच्याकडे चार माणसांचे मिळून अकरा स्वेटर आणि जॅकेटं निघाली. त्यातली पाचच या थंडीत वापरली होती. बाकीची सहा दर दिवाळीला काढायची, वर्षभर जागा अडवायची आणि पुन्हा ठेवायची, असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. कपाट लहान आहे म्हणून तुम्हाला त्रास होत नाहीये, न वापरलेल्या कपड्यांनी ते भरलंय म्हणून होतोय. ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पण काढले म्हणून लगेच सगळे बांधून ठेवू नका. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं माझी आजी म्हणायची, आणि होळी जळाली की थंडी पळाली हे तर आपण सगळेच म्हणतो. या दोन सणांच्या मधले दिवस फसवे असतात. आमच्याकडे निफाडच्या बाजूला पहाटे द्राक्षबागेत काम करणारी माणसं कानाला मफलर गुंडाळून जातात आणि दुपारी तिथेच घामाघूम होतात. पहाटे दहा-बारा अंश, दुपारी तिशीच्या पुढे. अशा दिवसांत एक जाड जॅकेट काहीच कामाचं नसतं. सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती कुडता किंवा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर किंवा शाल, असं एकावर एक घालावं आणि ऊन चढेल तसं काढत जावं. माणशी दोन गरम कपडे आणि प्रत्येकाचं एक पांघरूण होळीपर्यंत बाहेर राहू द्या. मुलीसाठी पायमोजे आणि कानटोपी हाताशी ठेवा, पहाटेचं ती पांघरूण लाथाडणारच.

आता ठेवायच्या कपड्यांबद्दल, आणि हे जरा लांबण लावून सांगणार आहे. माझ्या आईने मला लग्नाआधी बाटलीहिरव्या लोकरीचा स्वेटर विणून दिला होता. छातीवर दोन पेड, बाह्यांना उलट-सुलट टाक्यांच्या पट्ट्या. एका वर्षी मुलाच्या परीक्षेच्या गडबडीत मी तो न धुता तसाच घडी करून ट्रंकेत टाकला. दिवाळीला काढला तर डाव्या बाहीवर कोपराच्या खाली मुगाएवढी सात भोकं. उजेडासमोर धरला तेव्हा त्यातून खिडकीचे गज दिसले. मी त्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. तिथेच संक्रांतीला तूप सांडलं होतं, ते मला स्पष्ट आठवत होतं. आई तोवर गेली होती, त्यामुळे पुन्हा विणून मागायचं कोणाकडे?

तेव्हापासून मी कसरीचा माग काढला. उडणारं बारीक पिवळट पाखरू कापड खात नाही, खाते ती त्याची अळी. तिला लोकर लागते, रेशीम चालतं, कारण ही दोन्ही प्राण्यापासून येतात. आणि जिथे घाम, तूप, दूध लागलेलं असेल तिथे ती आधी जाते. कागद आणि सुती कपडे खाणारी ती चंदेरी, सुळकन पळणारी कसर वेगळी. तिला खळ आवडते. म्हणून उन्हाळ्याच्या सुती साड्या आज कपाटातून बाहेर येतील तेव्हा त्यांना हवी तेवढी खळ करा, पण परत ठेवताना खळ पूर्ण धुऊनच ठेवायच्या.

मग आधी ओळखा की तुमच्याकडे खरी लोकर किती आहे. बाजारात मिळणारे बहुतेक स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. आतल्या शिवणीतून एक धागा ओढा आणि चिमट्यात धरून काडेपेटीने जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकला कसर सहसा लागत नाही, ते मशीनमध्ये धुवा, वाळवा, ठेवा. सगळी मेहनत खऱ्या लोकरीवर आणि रेशमावर करायची, आणि ती दोन-चारच नग असतात.

लोकरीसाठी मी आठ-दहा रिठे फोडून रात्रभर भिजत घालते, सकाळी चोळून फेस काढते. तो साध्या पाण्यात मिसळून त्यात स्वेटर बुडवायचा आणि हलक्या हाताने दाबायचा, पिळायचा नाही. मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्यायचं आणि सावलीत सपाट पसरायचा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. उसवलेली शिवण, तुटलेलं बटण हे ठेवायच्या आधीच नीट करून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत सुई-दोरा शोधायला कोणाला वेळ नसतो, आणि मग 'हा उसवलाय' म्हणून नवा घेतला जातो.

रजया, गोधड्या, घोंगडी यांना मात्र गच्चीवरचं कडक ऊन द्या, दोन दिवस, मधे उलटून. घरी आणून लगेच घडी घालू नका, गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते. पैठणीसारखं रेशीम उन्हात नको, सावलीतच. तिची घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडायची, म्हणजे जरीची तार एकाच रेषेवर तुटत नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती साडीत बोचकं बांधलं की पुरतं. कडुलिंबाचा पाला मीही घालते, पण सावलीत अगदी कुरकुरीत वाळवून आणि पुरचुंडीत. ओला राहिला तर डाग पडतात. आणि खरं सांगू का, पाला असो की लवंगा, मळका कपडा त्याने वाचत नाही. धुतलेला, वाळलेला कपडा हेच खरं औषध.

डांबराच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात तीन वर्षांची मुलगी आहे म्हणून सांगते: नका ठेवू. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि मुलं तोंडात घालतात. शिवाय काही मुलांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मापासून कमतरता असते आणि आईबापांना ते माहीत नसतं. अशा मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेसुद्धा फुटू शकतात. तान्ह्या बाळांना तर जास्तच धोका. कोणी नातेवाइकांनी गोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली दिली तर धुऊन, चांगली हवा दाखवून मगच वापरावीत.

आता ढिगातल्या उरलेल्याचं. चांगले पण आखूड झालेले मुलीचे कपडे नात्यातल्या लहान मुलाला द्या. यात संकोच करू नका. आपल्याकडे बाळाला पहिले कपडे जुन्याच मऊ कापडाचे घालतात, ते उगाच नाही. बाहेर द्यायचे असतील तर आत्ताच द्या, कारण अजून थंडी आहे. ऊसतोडीची माणसं मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात, पहाटे थंडीत कोयता धरतात, आणि त्यांच्याबरोबर लहान मुलं असतात. शहरात बांधकामावर राहणारी कुटुंबं तुमच्या गल्लीतसुद्धा असतील. एकच पाळा: आपल्या माणसाला दिला असता असाच कपडा द्यायचा. धुतलेला, चेन लागणारा, बटणं शाबूत असलेला. फाटका कपडा देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं, आणि घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

बोहारीण येत असेल तर तिलाही विचारा. आमच्या गल्लीत येते ती प्रत्येक कपडा उलटा करून शिवण बघते, बोटाने कॉलर चाचपते, मग पातेल्याचा आकार ठरवते. तिच्याकडचे कपडे पुढे जुन्या बाजारात विकले जातात आणि कोणाच्या तरी अंगावर चढतात. भांड्यासाठी फार ताणू नका, तीही दिवसभर टोपली घेऊन फिरते.

आणि विरलेल्या सुती साड्या, धोतरं, चादरी यातलं काहीही टाकू नका. त्यांची गोधडी होते. हे काम करायला माघ-फाल्गुनाइतके चांगले दिवस नाहीत, कारण दुपारी ऊन असतं पण अंगाची लाही होत नाही. खाली-वर एकेक धड साडी, मधे फाटकी कापडं अंथरायची, चारी कडा टाचायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत मधे यायचं. शेजारच्या दोघी आल्या की गप्पा मारता-मारता निम्मी होते. आईच्या पाच साड्यांची मी केली. तिचा पोपटी काठ मुद्दाम पायाशी न घेता डोक्याकडच्या बाजूला घेतला. आता मुलगा ती पांघरून झोपतो, आणि उन्हाळ्यात तीच खाली अंथरतो. तुमच्या सासूबाईंना विचारा, बहुतेक त्यांना टाका येत असेल. नसेल वेळ तर गोधडी शिवून देणाऱ्या बायका असतात, कापड तुमचं आणि मजुरी त्यांची. हे घरात खरोखर काम देणारं पांघरूण आहे, कितीही वेळा धुवा.

राहिला सेल. मुलीसाठी घेऊ नका. पुढच्या डिसेंबरला ती किती उंच असेल हे आत्ता सांगता येत नाही. मापाने मोठा म्हणून घेतलेला स्वेटर एक तर पुढच्या वर्षीही लोंबतो, नाहीतर आखूड झालेला सापडतो. तुमच्यासाठी आणि तुमच्या मिस्टरांसाठी काय हवं ते पलंगावरचा ढीग बघून ठरवा. कमी असेल तर एक घ्या, लोकरीचा घ्या, आणि ज्या रंगाला तुमचे निदान तीन कपडे जातात तोच घ्या. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला आमच्याकडचा जांभळा जॅकेट त्या सहांमध्येच होता.

सासूबाईंसाठी मात्र एक घ्याच. वयस्क माणसाला डोक्यातून घालायचा स्वेटर नको वाटतो, खांदे वर जात नाहीत आणि सांगायचा संकोच असतो. पुढून बटणांचा, मोठ्या बटणांचा, दोन्ही बाजूंना खिसे असलेला बघा. एका खिशात रुमाल आणि दुसऱ्यात चष्मा राहिला पाहिजे. आणि तो पुढच्या वर्षासाठी वर ठेवू नका. अजून होळीपर्यंत पहाटे गारवा आहे, आणल्या दिवशीच त्यांना घालायला द्या.