रस्ता सोडला की काय सापडतं? : गेमिंगवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न : मी नोकरी करतो, रात्री जेमतेम दीड-दोन तास खेळायला मिळतात. स्कायरिम, विचर ३ आणि एल्डन रिंग ही तीन नावं सगळे एका दमात घेतात. तिन्ही ओपन वर्ल्ड (मोठ्या जगात हवं तिकडे फिरा असे), तिन्हीत तलवार, जादू, राक्षस. मग फरक काय आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅप केवढा मोठा आणि ग्राफिक्स कसे, यावरून तुलना केली की हाती काही लागत नाही. माझी कसोटी साधी आहे. मेन क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीतली कामगिरी, बाजूला ठेवायची, लांबवर काहीतरी दिसतंय तिकडे रस्ता सोडून चालत जायचं, आणि तिथे पोचल्यावर गेम आपल्या हातात काय ठेवतो ते बघायचं. ही कसोटी लावली की तिन्ही गेम एकदम वेगळे दिसायला लागतात.

स्कायरिम (२०११) तुम्हाला तुमचं स्वतःचं आयुष्य देतो. सुरुवातीला योद्धा की जादूगार असं काही ठरवावं लागत नाही, जे कराल ते वाढतं, लपूनछपून चालत राहिलात की स्नीक वाढतं, धनुष्य वापरलंत की आर्चरी, असे अठरा स्किल आहेत. त्यात भर म्हणजे वाटेत काय होईल याचा नेम नाही, एखाद्या जायंटशी लांबूनच नजरानजर होते, तेवढ्यात वरून ड्रॅगन येतो आणि ते दोघंच एकमेकांना भिडतात, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, तुमच्यासमोर घडतं म्हणून ते तुमचं असतं. कमी कुठे पडतो तर मारामारीत, तलवार लागली तरी हाताला लागल्यासारखी वाटत नाही. गोष्टीही पातळच आहेत, चोरांच्या टोळीचे म्होरके तुम्हीच आणि जादूच्या कॉलेजचे प्रमुखही तुम्हीच, आणि त्याचं कोणाला फारसं काही वाटतही नाही. शत्रू बरेचसे तुमच्या लेव्हलप्रमाणे बदलतात, त्यामुळे कुठेही जाता येतं पण कुठे जायची भीतीही फारशी वाटत नाही. (याच मालिकेतल्या आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये हे फारच झालं होतं, पुढे पुढे रस्त्यावरचे फुटकळ लुटारूसुद्धा ग्लास आर्मर नावाचं महागडं चिलखत घालून समोर यायचे.)

विचर ३ (२०१५) मध्ये रस्ता सोडला की माणसं भेटतात. मॅपवरच्या प्रश्नचिन्हांबद्दल नाही बोलत मी, ती बहुतेक कंटाळवाणीच आहेत, विशेषतः स्केलिग बेटांभोवतीच्या समुद्रात तरंगणारी पिंपं, ती खुशाल सोडून द्या. पण गावातल्या नोटीस बोर्डावरचं साधं काम घ्या, भूत मारायचं आहे एवढंच लिहिलेलं असतं, आणि चौकशी करत गेलात की कळतं ते भूत तिथे का आलं, गावात कोण खोटं बोलतंय, कोणाचं काय जळलंय. वेलेनमधल्या ब्लडी बॅरनची गोष्ट तर मी आजही विसरलेलो नाही, दारू, मारहाण, मोडलेलं घर, आणि समोरच्या माणसाचा राग करावा की कीव करावी हे शेवटपर्यंत ठरत नाही. निर्णय आत्ता घेतलेला असतो, परिणाम कित्येक तासांनी समोर येतो. बदल्यात एक गोष्ट सोडावी लागते, तुम्ही गेराल्टच असता, म्हणजे गेमचा ठरलेला नायक, पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी; स्वतःचं पात्र बनवता येत नाही.

एल्डन रिंग (२०२२) धोका देतो, आणि धोक्यामागे ताकद. क्वेस्टची, म्हणजे कामांची, यादी नाही, मॅपसुद्धा तुकड्या-तुकड्याने शोधावा लागतो. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडलात की समोरच सोनेरी घोडेस्वार फिरत असतो, जवळ गेलात की दोन वारात संपता, आणि तिथेच गेम सांगून टाकतो की इथे पळून जाणं हीसुद्धा अक्कलच आहे. मेलात की जमवलेले रून्स (गेममधलं चलन, लेव्हलही त्यानेच वाढते) तिथेच पडतात, ते उचलायच्या आत परत मेलात तर कायमचे गेले. म्हणून एखाद्या खड्ड्यात उतरल्यावर छातीत जे धडधडतं ते बाकीच्या दोघांत मला कधीच झालेलं नाही.

तुमचा वेळ बघता मी विचरपासून सुरुवात करा म्हणेन. एक काम साधारण एका बैठकीत उरकतं, आणि सेव्ह लोड करताना मागे काय झालं ते थोडक्यात ऐकवलं जातं, चार दिवसांनी बसलात तरी धागा सुटत नाही. एल्डन रिंगला तर सरळ पॉजसुद्धा नाही, लढाईच्या मधोमध फोन वाजला की झालं. घरात शांत झाल्यावर, सुट्टी असेल तेव्हा तो घ्या.

प्रश्न : दादा, एल्डन रिंगमध्ये मार्गिटपाशी, म्हणजे सुरुवातीच्या मोठ्या बॉसपाशी, अडकलोय, चाळीसेक वेळा मेलो असेन. डिफिकल्टी कमी करायची सोयच नाही. हा गेम माझ्यासाठी नाही का?

उत्तर : सोय आहे रे, फक्त ती मेनूमध्ये नाही, मॅपवर आहे. ग्रेसचा (जिथे विसावा घेता येतो त्या जागांचा) सोनेरी प्रकाश सरळ त्याच्याकडे बोट दाखवतो म्हणून सगळे तिथे जाऊन आपटतात, मीही आपटलो होतो. तू आता पाठ फिरव आणि दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलाला जा, तिथे लेव्हल वाढव, आधी व्हिगर (त्याने हेल्थ वाढते), बाकी नंतर. स्मिदिंग स्टोन जमवून हत्यार चर्च ऑफ एलेहमधल्या ऐरणीवर +३ पर्यंत नेता येतं. त्याच चर्चमध्ये रात्री भेटणाऱ्या रेना नावाच्या जादूगारणीकडून घंटी घेतली नसशील तर घे, तिच्याने लांडगे बोलावता येतात, आणि मार्गिट त्यांच्यामागे लागला की तुला श्वास घ्यायला वेळ मिळतो. लढताना एक लक्षात ठेव, तो काठी उचलून मुद्दाम थांबतो, उचलल्या उचलल्या रोल केलास (लोळून बाजूला झालास) की खाली येताना लागणारच, काठी खाली यायला लागली की मग रोल कर. आणि खरं सांगू का, त्याला आत्ता मारलाच पाहिजे असंही नाही, तो ज्या किल्ल्याच्या वाटेवर उभा आहे त्याच्या कडेने एक वाट थेट पुढच्या प्रदेशात, लिउर्नियाला जाते. ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरातली पेटी मात्र उघडू नकोस, उघडलीस तर केलिड या बऱ्याच अवघड प्रदेशातल्या खाणीत जाऊन पडशील आणि बाहेर निघेपर्यंत फास्ट ट्रॅव्हल (मॅपवरून क्षणात दुसरीकडे जाणं) बंद.

प्रश्न : ड्रॅगन्स डॉग्मा २ घेतला, पण फास्ट ट्रॅव्हल इतकं कमी आहे की त्याच त्या रस्त्याने परत परत चालावं लागतं. हा दोष नाही का?

उत्तर : अर्धा आहे. २०२४ मधला हा गेम वरच्या तिघांपेक्षा वेगळा आहे कारण इथे पोचणं महत्त्वाचं नाहीच, जाणं महत्त्वाचं आहे. मार खाल्ला की जास्तीत जास्त हेल्थच घटत जाते आणि मुक्काम केल्याशिवाय सहसा भरत नाही, रात्र खरोखर काळोखी असते आणि कंदिलातलं तेल संपतं, त्यामुळे निघण्यापूर्वी विचार करायला लागतो. सोबतचे पॉन, म्हणजे गेमच चालवतो ते साथीदार, दुसऱ्या खेळाडूंच्या जगात फिरून आलेले असतात, एखादा मध्येच म्हणतो मला इथली पेटी ठाऊक आहे आणि खरंच घेऊन जातो, हे मला फार आवडतं. ग्रिफिनच्या पाठीवर चढलात आणि तो उडाला तर तुम्हीही त्याच्याबरोबर कुठच्या कुठे. पण तुमचं म्हणणंही खरं आहे, गॉब्लिन, सरडेमाणसं आणि हार्पी हेच पुन्हा पुन्हा येतात, वीस तासांनंतर रस्ता आधीच पाठ झालेला असतो, आणि मुख्य गोष्टही तुम्हाला ओढून नेईल एवढी जोरदार नाही. फेरीस्टोन (क्षणात दुसरीकडे नेणारे दगड) साठवून ठेवू नका, कंटाळा आला की वापरा, आणि पोर्टक्रिस्टल (फेरीस्टोनने जिथे पोचता येतं ती खूण) मिळालं की जिथे सारखं जावं लागतं तिथेच ठेवा. बैलगाडीत बसून झोपलात तरी चालतं, फक्त वाटेत हल्ला झाला तर उठून लढावं लागतं.