कोलायटिस निघाला म्हणून पुढचं सगळं सोडून द्यायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय सव्वीस, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) निघालाय, पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला आईवडिलांकडे आलाय. आता काहीही ठरवायचं म्हटलं की आधी पोट आठवतं. अशा आजारात ध्येय वगैरे ठेवण्यात काही अर्थ आहे का?

आहे की. मला हाच आजार लग्नाच्या आधीपासून आहे आणि आता मुलगी आठवीत शिकतेय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिलं म्हणजे 'पूर्ण बरं झालो की मग बघू' हे डोक्यातून काढा. यात आपलीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उठते. मध्येच भडकतो, मध्येच शांत होतो, पण गोळ्यांनी कायमचा जात नाही. औषध असतं ते शांत काळ लांबवायला. आपल्याकडे मात्र शौचातून जाणारं रक्त थांबलं, पोट नीट झालं की लोक मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज दाबून ठेवणारी गोळी, बंद करतात. 'बरं वाटतंय, कशाला उगीच गोळ्या?' अहो, बरं वाटतंय ते त्या गोळ्यांमुळेच. स्टेरॉइड तर मनाने अचानक थांबवायचंच नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं. आणि अंग दुखलं की मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आणायची सवय असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका, काहींचा आजार त्याने भडकतो. डॉक्टर अधूनमधून शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी सांगतील. लाज वाटते, पण करा. आतली सूज बऱ्याचदा त्रास सुरू होण्याआधीच त्यात दिसते.

आता ध्येयाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक ध्येयाची दोन मापं ठेवावीत, एक पोट शांत असतानाचं आणि एक भडकलेलं असतानाचं. दोन्ही आधीच ठरवून ठेवायची. वाईट दिवसात ठरवायला बसलात तर सगळंच रद्द होतं.

माझंच सांगतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचं, ही माझी जुनी इच्छा. तुम्ही इथलेच, तुम्हाला ती गर्दी माहीत आहे. सुमारे 45 किलोमीटर, रात्रभर चालायचं, रस्ता वाहनांना बंद. कोलायटिसवाल्याला ऐकूनच घाम फुटावा. म्हणून मोठं माप ठेवलं तुळजापूर आणि छोटं माप सोलापुरातलंच रूपाभवानीचं देऊळ, तिथे नमस्कार करून घरी. तयारी कंबर तलावाच्या फेरीपासून केली, मग हिप्परग्यापर्यंत. एका रविवारी मोटरसायकलवर अख्खा रस्ता हिंडून पेट्रोल पंप, ढाबे, कुठे संडास आहे, कुठे पाणी आहे, सगळं वहीत लिहून काढलं. एका ढाबेवाल्याला सरळ विचारलं, रात्री दोनला आलो तर चालेल का? तो म्हणाला, 'कोजागिरीला कोण झोपतंय इथं!'

पहिल्या वर्षी नेमकं नवरात्रात पोट बिघडलं. छोटं माप वापरलं. वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण 'जमलं नाही' असं वाटलं नाही, कारण ते आधीच ठरलेलं होतं. नंतरच्या एका वर्षी निघालो. पिशवीत ओआरएसची पाकिटं, केळी, घट्ट दहीभात, एक जादा पँट आणि टॉवेल. (टॉवेलला तोटा नाही, कारखान्यातलाच.) वाटेत लोक प्रेमाने चहा, मिरची भजी हातात कोंबतात. चहा घेतला, भजी मित्राला दिली. तामलवाडीच्या पुढे एकदा पळापळ झाली, वही कामाला आली. घाट चढलो तेव्हा उजाडत होतं आणि पायांची वाट लागली होती. पोट मात्र गप्प होतं.

खाण्याबद्दल नातेवाईक डोकं उठवतील. एक म्हणेल गहू सोडा, दुसरा म्हणेल दूध सोडा, तिसरा ओळखीच्या वैद्याकडे नेईल. सगळ्यांना चालेल असा एकच आहार यात नाही. तुम्ही काय खाल्लं आणि पोटाने काय केलं ते महिनाभर लिहा, मग आहारतज्ज्ञांना दाखवा. मला शांत काळात शेंगाचटणी चालते. भडकल्यावर ती बरणी फडताळात वर जाते आणि मऊ भात, मुगाचं वरण सुरू होतं. तुमचं वेगळं असेल. लग्नात 'एवढी एकच जिलेबी' म्हणणाऱ्या आत्यांना मी हसून 'डॉक्टरांनी बंदी केलीय' म्हणतो, त्यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं.

स्थळं येत असतील तर आधीच सांगा. मी भेटीतच बायकोला सांगितलं होतं की हा आजार लागट नाही, पण जन्मभराचा आहे. तिने विचारलं, 'प्रवास चालतो का?' म्हटलं, चालतो, पण दाराजवळची सीट लागते. अजूनही हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना तीच सीट बघतो.

मन खचणं या आजारात नेहमीचं आहे, तेही डॉक्टरांना सांगायचंच. आणि रक्त खूप जायला लागलं, ताप आला, पोट फुगून दुखायला लागलं तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आजाराला आठ-दहा वर्षं होत आली की कर्करोगाच्या दृष्टीने ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करतात, ती टाळू नका. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं ते खारट औषध घशाखाली उतरत नाही, पण तपासणी सोपी असते.

राहिली नोकरी. तुम्ही लिहिलंय की साहेबांना कारणच सांगितलं नाही, 'घरगुती अडचण' म्हणून राजीनामा दिला. मी आमच्या मालकांना दोन वाक्यांत सांगितलं होतं: आतड्याचा आजार आहे, मध्ये मध्ये अचानक उठावं लागेल. काम अडणार नाही. ते म्हणाले, 'मग त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसा.' सगळे मालक असे नसतात, मान्य. पण पोट सध्या शांत असेल तर तुमच्या साहेबांना एक फोन करा. मोठं माप म्हणजे पुण्यात परत, छोटं माप म्हणजे काही महिने घरून काम. दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. नाही म्हणाले तर तुम्ही आज आहात तिथेच असाल.