सोमवारी सकाळी नऊचा ई-मेल कोण वाचतो?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी आणि टॉवेलचा छोटा कारखाना आहे. राज्यातील किरकोळ दुकानदार, हॉटेलांचे खरेदी अधिकारी आणि आखातातील मोजके व्यापारी अशा सुमारे 1,200 जणांना आम्ही दर सोमवारी सकाळी 9 वाजता नव्या मालाची व भावाची माहिती ई-मेलने पाठवतो. ‘ओपन रेट’ (ई-मेल उघडणाऱ्यांचे प्रमाण) चांगला दिसतो, पण विचारणा फारशी होत नाही. मंगळवारी सकाळी 10 ही उत्तम वेळ असल्याचे वाचनात आले. वेळ बदलावी का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : बदलून जरूर पाहावी, मात्र मंगळवारी 10 वाजता असे कोणी म्हणते म्हणून नव्हे. असे सल्ले बहुधा हजारो कंपन्यांच्या सरासरीवरून निघतात आणि त्यांत कार्यालयात संगणकासमोर बसणारा नोकरदार मोठ्या संख्येने असतो; आपला गिऱ्हाईक दुकानदार आहे. सकाळी 9 वाजता त्याचे शटरही उघडलेले नसते, त्यानंतर झाडलोट आणि देवपूजा होते, आणि भवानी होईपर्यंत तो कोणाचा भाव वाचत बसत नाही. दुपारी जेवणानंतर गल्ल्यावर बसून तो मोबाइल हातात घेतो तेव्हा सकाळचा आपला ई-मेल बँकेच्या आणि विम्याच्या पत्रांखाली गेलेला असतो. त्यामुळे दुकानदारांसाठी दुपारी दोन-अडीचची वेळ मला अधिक योग्य वाटते. हॉटेलवाल्यांना मात्र सकाळ चालू शकेल.

आखातातील पत्त्यांची यादी तर वेगळीच करावी. सोलापुरात सकाळचे 9 वाजतात तेव्हा दुबईत 7.30 आणि रियाधमध्ये 6.30 वाजलेले असतात. शिवाय सौदी अरेबियात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, तर संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत आहे. या दोघांना एकाच वारी, एकाच वेळी गाठण्याचा हट्ट सोडलेला बरा.

‘ओपन रेट’ चांगला असूनही विचारणा नाही, यात नवल नाही. ई-मेलमध्ये दडवलेले एक अदृश्य चित्र उतरवले गेले की तो उघडला असे धरले जाते. परंतु अॅपलने सप्टेंबर 2021 पासून आपल्या मेल अॅपमध्ये दिलेली गोपनीयतेची सोय सुरू असेल, तर वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, ती चित्रे आधीच उतरवली जातात. म्हणून तो आकडा बाजूला ठेवून भावपत्रकाच्या दुव्यावर किती जणांनी बोट ठेवले आणि किती जणांनी उत्तर दिले, एवढेच मोजावे.

तुलना करताना यादीचे दोन भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे, सरमिसळ करून पाडावेत. पहिले 600 आणि नंतरचे 600 असे केल्यास जुने, घरोब्याचे गिऱ्हाईक एकाच बाजूला जातील आणि श्रेय उगाच वेळेला मिळेल. मजकूर, विषयाची ओळ आणि वार सारखेच ठेवून फक्त तास बदलावा. एका बाजूने 9 आणि दुसऱ्या बाजूने 12 उत्तरे आली, तर तो फरक मानू नये. दोन्ही गटांच्या वेळा आलटून-पालटून सहा-आठ आठवडे पाठवावे आणि मग बेरीज पाहावी.

तासाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार हंगामाचा करावा असे मला वाटते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि टॉवेल-टोपीच्या आहेराला मागणी येते. परंतु दुकानदाराला माल त्याआधी भरावा लागतो आणि ऐन दिवाळीत त्याला मान वर करायला सवड नसते. तेव्हा ते भावपत्रक नवरात्राच्या सुमारास त्याच्या हाती पडलेले बरे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापुरातील दुकानदाराकडून उत्तराची अपेक्षा धरू नये.

एक बारीक गोष्ट राहिली. आपल्याकडचा दुकानदार ई-मेल वाचतो, पण उत्तर फोनवरच देतो, आणि ते उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हिशेबात येत नाही. यासाठी सकाळच्या भावपत्रकाच्या क्रमांकापुढे ‘स’ आणि दुपारच्या क्रमांकापुढे ‘दु’ असे अक्षर छापावे आणि फोन उचलणाऱ्याने भाव सांगण्यापूर्वी पत्रकाचा क्रमांक विचारून वहीत टिपून ठेवावा.