आई-बाबा एडिसनला आले, पण दिवसभर घरातच

प्रश्न: आई-बाबा दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत आले, दोघं सत्तरीचे. आम्ही ऑफिसात, ते टीव्हीसमोर. आईला डायबेटिस, डॉक्टरकडे सगळं मीच बोलते, ती गप्प. काय करू?

उत्तर: ताई, आधी आईच्या गप्प बसण्याचं बघू, मला तेच जास्त लागलं. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषा फुकट द्यावा लागतो, मराठीसुद्धा, बरेचदा फोनवर मिळतो, अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा. मुलीच्या तोंडून आईला सगळं सांगवत नाही हो, लघवीचा त्रास, रात्रीची भीती, असलं राहूनच जातं.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, वयाच्या 65 नंतर, पण ग्रीन कार्डवर सलग 5 वर्षं झाल्यावर, हप्ता भरून घेता येतं. तोवर वेगळा इन्शुरन्स हवाच.

दिवसभराच्या एकटेपणाला मात्र माणसंच लागतात. 1965 च्या ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट या ज्येष्ठांसाठीच्या कायद्यामुळे 60 वरच्यांना जेवण, जाण्यायेण्याची सोय असं मिळतं, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात चौकशी करा. एडिसनकडे देशी जेवण देणारी अडल्ट डे केअर सेंटरं, म्हणजे ज्येष्ठांनी दिवस घालवायची केंद्रं, आहेत, एकदा आई-बाबांना घेऊन बघून या. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेचा, 'उत्तररंग' उपक्रम तर ज्येष्ठांसाठीच आहे. आणि मला मनापासून वाटतं, मंडळांनी आजी-आजोबांना नुसतं गणपतीला बोलवून भागणार नाही, जवळच्या चार घरांनी वार वाटून घ्यावेत, एक दिवस तुमच्याकडे पत्ते आणि चहा, एक दिवस दुसरीकडे भजन, गाडी ज्याला जमेल त्याने काढायची. बाबांना मराठी शाळेत मुलांना गोष्टी सांगायला पाठवा, येत्या रविवारीच विचारून बघा.